साबणाच्या वड्या मोजण्यापासून सुरुवात : मानवतावादी संस्थेत तरुण स्वयंसेवक गटप्रमुख कसा होतो

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, स्ट्रेचर उचलायला मिळेल. मिळाल्या त्या साबणाच्या वड्या, मोजायला. चार खोकी होती. प्रत्येकावर आत किती नग आहेत ते छापलेलं होतं, त्यामुळे हे काम म्हणजे नव्या पोराला गुंतवून ठेवायचा बहाणा असणार, असं मनात आलं. तरी मोजल्या. तिसऱ्या खोक्यात सहा वड्या कमी निघाल्या. आधीच्या लोकांनी छापील आकडाच वहीत उतरवला होता. गटप्रमुखाने कौतुक वगैरे काही केलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली.

पुढे मी गट चालवला, युवा समितीत बसले, बरीच तरुण मुलं संस्थेत येताना आणि कंटाळून जातानाही पाहिली. माइक कोणाच्या हातात आहे त्यापेक्षा किल्ली आणि नोंदवही कोणाकडे आहे ते बघावं, हे माझं मत तेव्हापासूनचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: संस्थेत शिरणं, शिकणं, मैदानावर उभं राहणं, मग गट, मग समिती, आणि शेवटी नीट बाहेर पडणं.

संस्थेत शिरण्याआधी

मानवतावादी संस्था या नावाखाली बरंच काही येतं. १९० हून जास्त देशांत राष्ट्रीय संस्था असलेली रेड क्रॉस-रेड क्रेसेंट चळवळ येते, तसा वीस-पंचवीस जणांनी चालवलेला मदत गटही येतो. लहान गट वाईट आणि मोठी संस्था चांगली, असं काही नसतं. अर्ज भरण्याआधी मात्र चार-पाच गोष्टी तोंडावर विचारून घ्या. मी कोणाला उत्तरदायी असेन, त्या माणसाचं नाव काय? काम करताना इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, विमा आहे का? आचारसंहिता लेखी आहे का? तक्रार असेल तर कोणाकडे जायचं, आणि तक्रार त्याच माणसाबद्दल असेल तर कोणाकडे? परीक्षेच्या दिवसांत थांबता येतं का?

"आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, असले प्रश्न कशाला?" असं उत्तर आलं तर जरा सावध व्हा. कुटुंबात विमा कोणी विचारत नाही, पण पुराच्या पाण्यातही कुटुंब तुम्हाला पाठवत नाही.

स्वयंसेवेला मोबदला नसतो हे खरं. पण प्रवासाचा खर्च, काम लांबलं तर जेवण, हातमोजे, मास्क हे स्वयंसेवकाने खिशातून करायचं असेल, तर ज्यांच्या घरी पैसा आहे तीच मुलं टिकतात. मग तरुणांचं प्रतिनिधित्व म्हणून तीच पुढे येतात.

वयाचं बघा. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत युवा म्हणजे १५ ते २४. रेड क्रॉस-रेड क्रेसेंट संस्थांचा महासंघ ५ पासून ३० पर्यंतच्या सगळ्यांना आपल्या युवा धोरणात धरतो. म्हणजे 'युवा स्वयंसेवक' या शब्दात शाळकरी मूलही येऊ शकतं. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी परवानगी हवी, आणि त्यांना आपत्तीच्या जागी, मृतदेहांजवळ किंवा रात्रपाळीला कुठल्याही संस्थेने पाठवू नये. कोणी पाठवत असेल तर तो विश्वास नाही, बेजबाबदारपणा आहे. शाळेत प्रथमोपचार शिकवणं, हात धुण्याची प्रात्यक्षिकं, इशारा आल्यावर घर रिकामं करण्याचा सराव, अशी त्या वयाची कामं पुष्कळ आहेत.

पहिले तीन महिने : हात आणि कान

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आधी. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचा तो मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० दाबांनंतर २ श्वास. हे कागदावर सोपं वाटतं. सरावाच्या पुतळ्यावर करून बघा, दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. प्रमाणपत्र भिंतीवर राहतं आणि हात काही महिन्यांतच विसरायला लागतो. महिन्यातून एकदा अर्धा तास पुतळा काढून सराव करायची सवय गटाला लावली, तर नेतृत्वाची पहिली पायरी तुम्ही न सांगता चढलात.

दुसरं प्रशिक्षण मानसिक प्रथमोपचाराचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. जागा सुरक्षित आहे का, कोणाला तातडीची गरज आहे ते पाहायचं. बोलायचं त्याला बोलू द्यायचं, नको असेल तर खोदायचं नाही. मग नातलग, डॉक्टर, माहिती, निवारा, जे लागेल त्याच्याशी गाठ घालून द्यायची. तरुण स्वयंसेवकांची नेहमीची चूक दुसऱ्या पायरीवर होते. समोरची बाई घर गेल्याचं सांगत असते आणि आपण "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" म्हणून मोकळे होतो. ठीक होईल की नाही हे आपल्याला कुठे माहीत असतं? "मी इथे बसते थोडा वेळ" एवढं खरं असतं. तेवढंच म्हणावं.

तिसरं, तत्त्वं. रेड क्रॉस-रेड क्रेसेंट चळवळीची सात मूलभूत तत्त्वं १९६५ मध्ये व्हिएन्नाला स्वीकारली गेली: मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता, वैश्विकता. ही पाठ करून काही होत नाही. प्रसंग घालून गटात चर्चा करा. मदत छावणीत एका कुटुंबाने दुसऱ्यांच्या आधी रांग लावली, पण दुसऱ्यांकडे तान्हं मूल आहे, तर किट आधी कोणाला? निःपक्षपात म्हणतो, गरज जास्त त्याला आधी. म्हणजे सर्वांना सारखं देणं आणि निःपक्षपाती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे अर्ध्या लोकांना पहिल्यांदा तिथेच कळतं.

तटस्थतेवर तर तरुण हमखास चिडतात. "अन्याय दिसतोय आणि गप्प बसायचं?" प्रश्न रास्त आहे. संघर्षाच्या भागात दोन्ही बाजूंच्या जखमींपर्यंत पोचायचं असेल, तर दोन्ही बाजूंना तुमच्यावर भरवसा लागतो. तो भरवसा संस्थेचं जॅकेट घालून केलेल्या एका राजकीय पोस्टने जातो, आणि किंमत दुसराच कोणी मोजतो: रुग्णवाहिकेचा चालक. जॅकेट घातलेला फोटो टाकण्याआधी त्याचा विचार करा. लाल क्रॉस आणि लाल चंद्रकोर या चिन्हांना जिनिव्हा करारांचं संरक्षण आहे. ती कुठल्याही औषधपेटीवर रंगवायची नक्षी नव्हे.

या चळवळीची सुरुवातही मला व्यवस्थापनाची गोष्ट वाटते. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि हजारो जखमी शेजारच्या कास्तिग्लिओने गावातल्या चर्चमध्ये येऊन पडले. ऑन्री द्युनाँ तिथे होता. वय ३१, पेशाने व्यापारी, वैद्यकाचं शिक्षण शून्य. त्याने केलं काय, तर कामं वाटली. बायकांना पाणी पाजायला आणि जखमा धुवायला लावलं, गावातल्या लहान पोरांना बादल्या देऊन कारंजावरून पाणी आणायला पाठवलं, मलमपट्टीचं सामान मागवलं, मरणाऱ्यांचे निरोप उतरवून घेतले. १८६३ मध्ये जिनिव्हात या चळवळीची पहिली, पाच जणांची समिती उभी राहिली ती यातून. पट्टी बांधणारे हात गावात होते. कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवणारं कोणीतरी हवं होतं.

मैदानावर : एक वाटप, जवळून

माझी मोठी चूक इथेच झाली, म्हणून जरा तपशिलात सांगते.

एका मदत छावणीत स्वच्छता किटचं वाटप होतं. साबण, टॉवेल, सॅनिटरी पॅड, बादली. रांग लांबली, लोक अस्वस्थ झाले, ढकलाढकली सुरू झाली. मी खुर्चीवर चढून ओरडले, "घाई करू नका, सगळ्यांना मिळेल!" टाळ्या पडल्या. शेवटच्या तीस-एक कुटुंबांना मिळालं नाही. यादी तीन दिवसांपूर्वीची होती, मधल्या काळात नवी माणसं आली होती आणि मी सकाळी किट मोजली होती, माणसं नव्हती. एक म्हातारे गृहस्थ रिकामी पिशवी घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. "तुम्हीच म्हणाला होतात ना?" एवढंच विचारलं.

त्यानंतर आमच्या गटाने वाटपाचा जो क्रम बसवला, तो असा. आदल्या संध्याकाळी छावणीत फिरून यादी ताजी करायची, छावणीतल्याच दोन-तीन लोकांना, त्यात बाई हवीच, सोबत घेऊन. प्रत्येक कुटुंबाला टोकन, आणि टोकन तितकीच जितकी किट हातात आहेत. कमी पडत असतील तर रांग लागण्याआधी सांगायचं, कारणासकट, आणि कोणाला आधी देणार हेही. म्हातारे, गरोदर बाया, अपंग, तान्ही मुलं घेऊन आलेल्या आया यांची रांग वेगळी. येण्याची वाट एक, जाण्याची दुसरी. या एका गोष्टीने निम्मी ढकलाढकली थांबते. रांगेवर सावली आणि प्यायला पाणी. टेबलावर एक जण टोकन घेणारा, एक नोंदवणारा, एक देणारा, आणि एक मोकळा माणूस फक्त रांगेत फिरून लोकांशी बोलणारा. तो चौथा माणूस चैनीचा वाटतो. प्रत्यक्षात सगळ्यात आधी त्याचीच जागा भरा. आणि हातात नाही त्याचं वचन कोणीही, कधीही द्यायचं नाही.

फोटोबद्दल एक नियम: घेणारा हात आणि चेहरा एकत्र टिपायचा नाही. मुलांचा फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नाही, आणि किट हातात असताना मागितलेली परवानगी मी परवानगी धरत नाही. त्या क्षणी नाही कोण म्हणेल?

आणखी एक, ज्यात मवाळपणा चालत नाही. मदतीच्या बदल्यात कुठलीही गोष्ट, शरीरसंबंध तर दूरच, फोन नंबरसुद्धा, मागणारा स्वयंसेवक त्याच दिवशी कामावरून बाजूला व्हायला हवा आणि तक्रार ठरलेल्या जागी जायला हवी. "चांगला मुलगा आहे, चुकून बोलला" हे गटप्रमुखाने ठरवायचं नसतं. मुलांसोबत काम असेल तर एका मोठ्याने एकटं, बंद खोलीत राहायचं नाही, नेहमी दोघं.

आकडे पाठ असू द्या

तरुणांचं बैठकीत ऐकत नाहीत ही तक्रार खरी आहे. यावरचा माझा उपाय जुनाच आहे, मोजून जा.

मदतकार्याच्या किमान मानकांसाठी स्फिअर नावाची हस्तपुस्तिका जगभर वापरतात. हा प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला, सध्याची आवृत्ती २०१८ ची आहे. तिच्यातले थोडे आकडे डोक्यात असावेत. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत, आणि तिथे रांगेत ३० मिनिटांपेक्षा जास्त उभं राहावं लागू नये. निवाऱ्यात माणशी ३.५ चौरस मीटर झाकलेली जागा. शौचालय २० माणसांमागे एक. आपत्तीच्या अगदी सुरुवातीला ५० मागे एक चालवून घेतात.

समजा छावणीत ४०० माणसं आहेत आणि ९ शौचालयं. "शौचालयं कमी आहेत" असं बैठकीत म्हणालात तर "बघू" असं उत्तर येईल. "४०० माणसांना ९ आहेत. पहिल्या दिवसांसाठी ८ पुरत होती, आता तिसरा आठवडा चालू आहे, २० हवीत. शिवाय ९ पैकी ३ ना आतून कडी नाही आणि दिवा एकावरही नाही, त्यामुळे रात्री बायका जात नाहीत" असं म्हणालात तर कोणीतरी पेन काढतं. शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तिकेतून येत नाही, ते तुम्ही बायकांशी बोललात म्हणून येतं. हे काम विशीतली मुलगी साठीतल्या अधिकाऱ्यापेक्षा बरं करू शकते.

पाच जणांची पाळी

गटप्रमुख म्हणून पहिली जबाबदारी बहुधा अशीच येते: चार-पाच स्वयंसेवक, एक पाळी. आठ-नऊपेक्षा जास्त माणसं पहिल्यांदाच घेऊ नका, नजर पुरत नाही.

पाळी सुरू होताना पाच मिनिटं उभ्याने बोला: आज काय करायचं, कोण कुठे, धोका काय, निघायची वेळ आली तर कुठे जमायचं, आणि कोण कोणाचा जोडीदार. जोडीदाराशिवाय कोणी हलायचं नाही. नवखा नेहमी जुन्याबरोबर. हजेरी येताना आणि जातानाही घ्या. जातानाची हजेरी बहुतेक जण विसरतात, आणि माणूस हरवतो तो जातानाच.

पाळी संपल्यावर दहा मिनिटं बसा. काय जमलं, काय फसलं, आणि कोणाला आज काय जड गेलं? तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या दिवशी कोणी उत्तर देत नाही. तुम्ही स्वतः आधी द्या. मी त्या रिकाम्या पिशवीची गोष्ट सांगायचे.

मित्रच गटात असतो तेव्हा खरी पंचाईत. तो उशिरा येतो, तुम्ही हसून सोडता, आणि बाकीचे पाहत असतात. त्याला बाजूला घेऊन त्याच दिवशी बोला, चारचौघांत नको. "तू उशिरा आलास म्हणून अमक्याला दोन तास जास्त उभं राहावं लागलं" असं झालेलं सांगा; स्वभावावर जाऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुप दोन ठेवा, एक फक्त कामाच्या सूचनांचा, दुसरा गप्पांचा. एकच ठेवला तर रात्री अकराच्या विनोदाखाली सकाळची पाळी बदलल्याचा निरोप गाडला जातो.

स्वतःचा छोटा उपक्रम

उपक्रम बहुतेकदा उलटा सुरू होतो: आधी कल्पना, मग लोक. आधी वीस घरी जाऊन बोला. "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका, यादीच मिळते. "गेल्या वेळी इशारा आला तेव्हा तुम्ही काय केलंत?" हे विचारा. मग कळतं की इशारा पोचला होता, पण आजीला उचलून न्यायला कोणी नव्हतं. तुम्ही जागृतीची पत्रकं छापणार होतात. गरज होती दहा घरांमागे दोन धडधाकट माणसांच्या यादीची. छपाईचा खर्चही वाचला.

मग एका पानावर लिहा: काय, कोणासाठी, कधीपर्यंत, कोण, किती पैसे, आणि झालं हे कशावरून कळेल. एका पानात मावत नसेल तर उपक्रम मोठा झाला आहे, कापा. पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून, दोन सह्यांनी, पावतीसकट. तरुणांच्या हिशेबाकडे लोक जरा जास्तच बारकाईने बघतात. अन्याय आहे, पण पावती फाईलला लावून ठेवायला काही जात नाही.

समितीतली खुर्ची

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही: मुलांना वापरून घेणं, सजावटीसारखं उभं करणं आणि नावापुरती जागा देणं. समितीत बोलावणं आलं तर आपण कुठल्या पायरीवर आहोत ते तपासा. विषयपत्रिका आधी मिळते का? ठरावावर मत देता येतं का? इतिवृत्तात तुमचं म्हणणं लिहिलं जातं का? युवा गटाच्या नावावर अंदाजपत्रकात काही रक्कम आहे का, आणि ती खर्च करायची सही कोणाची? या चारही प्रश्नांना 'नाही' असेल, तर तुम्ही समारंभात पुष्पगुच्छ देणाऱ्यांत आहात.

लगेच राजीनामा देऊन निघू नका. एकेक मागा, आणि पहिली मागा ती विषयपत्रिका, कारण ती द्यायला कोणाचंच काही जात नाही. पुढच्या मागण्यांना उदाहरणं आहेत: रेड क्रॉस-रेड क्रेसेंट महासंघाच्या नियामक मंडळावर त्याच्या युवा आयोगाच्या अध्यक्षांना जागा असते, २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत तरुणांच्या सहभागासाठी संस्थांनी एकत्र येऊन करार केला. हे कागद सोबत न्या. आणि एकटे जाऊ नका, दोन जागा मागा. एकटा तरुण पंचवीस ज्येष्ठांत बसला की सहा महिन्यांत त्यांच्यासारखाच बोलायला लागतो, हे मी माझ्याच बाबतीत पाहिलं.

थकणं आणि सोडणं

झोप उडाली, घरच्यांवर चिडचिड व्हायला लागली, सुट्टीच्या दिवशी छावणीत नाही म्हणून अपराधी वाटायला लागलं, तर पाळी कमी करा. मोठ्या आपत्तीनंतर आठवड्यातला एक पूर्ण दिवस फोन बंद ठेवायचा, हा नियम गटप्रमुखाने आधी स्वतःला लावावा. तुम्ही पाळला नाही तर गटातलं कोणीच पाळणार नाही. त्रास दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर समुपदेशकाकडे जा, मित्रांवर भागवू नका.

आणि एक दिवस नोकरी, लग्न, दुसरं शहर, काहीतरी येतंच. जाण्याआधी किमान दोन महिने तुमच्या जागी येणाऱ्याला सोबत घ्या: पहिला महिना तो बघेल आणि तुम्ही कराल, दुसरा महिना तो करेल आणि तुम्ही गप्प बसाल. दुसरा महिना फार कठीण जातो. पासवर्ड, किल्ल्या, संपर्कांची यादी, अर्धवट राहिलेली कामं, कोणाला कुठला शब्द दिला आहे, हे सगळं वहीत लिहून दोघांच्या सह्या करा.

माझ्या जागी जी मुलगी आली, तिने किल्ली घेण्याआधी गोदामातली खोकी माझ्यासमोर उघडून मोजली. मला आधी राग आला. मग आठवलं. नंतर बरेच दिवस तिचे फोन येत होते, मी दरवेळी "वहीत बघ" म्हणायचे, आणि वहीत ते असायचं. मग फोन यायचे थांबले. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.